‘घाशीराम कोतवाल’ : प्रयोग कसा पाहावा?



नाटकाची संहिता वाचणे आणि त्याचा प्रयोग पाहणे या दोन भिन्न क्रिया आहेत. विजय तेंडुलकर यांच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाबाबत हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. पुनावळे, रावेत या भागात राहणाऱ्या विद्यार्थ्याला चिंचवडच्या नाट्यगृहात प्रयोग पाहण्याची संधी मिळो किंवा घरी बसून ध्वनिचित्रफीत पाहावी लागो, प्रयोगापूर्वी पुढील मुद्दे ध्यानात घ्यावेत.

ऐतिहासिक आधार

सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात राज्यकारभाराची सूत्रे नाना फडणवीस यांच्या हाती होती. घाशीराम सावळदास हा कनोजी ब्राह्मण 1777 पासून पुण्याचा कोतवाल होता. ऑगस्ट 1791 मध्ये त्याच्या चौकीत कोंडलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी अनेकांचा गुदमरून मृत्यू झाला. लोक खवळले आणि घाशीरामाला दगडांनी ठेचून मारण्यात आले. इतिहासाचा आधार मुख्यतः एवढा आहे. कोतवालीच्या मोबदल्यात घाशीराम आपली मुलगी गौरी नानांच्या स्वाधीन करतो, ही नाटकाची रचना आहे. तिला ऐतिहासिक पुरावा मानू नये. आपले नाटक ऐतिहासिक नाही, अशीच तेंडुलकरांची भूमिका होती.

सत्तेची वाटणी

पुण्यात चोरीचा आळ येऊन अपमानित झालेला घाशीराम सूडाच्या भावनेने पेटतो. अधिकार मिळताच तो परवान्यांचे जाळे विणतो, रात्री घरांत शिरतो, निरपराध माणसाला तापलेल्या लोखंडी गोळ्याचे दिव्य करायला लावतो. प्रेक्षकाचा सर्व संताप त्याच्यावर एकवटतो. परंतु त्याला नेमताना नानांनी आखलेला हिशेब विसरू नये : कृत्ये नानांची असली, तरी दोष कोतवालाच्या खात्यावर पडणार आहे. पुढे जमाव चिडल्यावर त्याच्या मृत्यूच्या हुकुमावर सही करणारेही नानाच. घाशीराम क्रूर आहे, यात शंका नाही. पण ज्याने त्याला घडवले, तो शेवटपर्यंत सुरक्षित राहतो.

माणसांची भिंत

दिग्दर्शक जब्बार पटेल यांच्या प्रयोगात नटांची एक रांग गात-नाचत रंगमंचावर उभी असते. भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांचे नृत्यदिग्दर्शन यांमुळे ती मन मोहून घेते. ही भिंत कधी पुण्याचे ब्राह्मण होते, कधी आडपडदा. तिच्या पाठीमागे जे घडते, ते ती झाकते. वेळ आली की बाजूला सरून दाखवते. भजन आणि लावणी यांचे सूर तिच्या तोंडी एकमेकांत मिसळतात. नाटकातील जुलूम या भिंतीवाचून शक्यच नाही. प्रयोग रंगतो, आपणही ठेका धरतो; आणि थोड्या वेळाने लक्षात येते की काही क्षण आपणही त्या रांगेत उभे होतो. घाशीरामाच्या अंतानंतर नाना संकट टळल्याचे सांगून उत्सवाचा आदेश देतात व भिंत पुन्हा नाचू लागते. व्यक्ती संपली, व्यवस्था तशीच राहिली.

प्रयोगाचा इतिहास

16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने हे नाटक रंगभूमीवर आणले. नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे होते. नानांची व ब्राह्मण समाजाची बदनामी होत असल्याचा आक्षेप घेण्यात आला आणि 19 प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले. तेव्हा कलावंतांनी बाहेर पडून थिएटर अकॅडमी स्थापन केली. 1974 मध्ये प्रयोग पुन्हा सुरू झाले. 1980 मध्ये युरोप दौऱ्याच्या वेळीही विरोध झाला. त्या वादात चर्चा प्रामुख्याने ‘नाना असे होते का?’ या प्रश्नाभोवती फिरली. ‘असे कोतवाल कोण निर्माण करतो?’ हा नाटकाचा प्रश्न त्यामुळे मागे पडला.

स्वाध्याय

चाकण-पिंपरीच्या पट्ट्यात नोकरी करताना हुकूम देणारा एक, तो बजावणारा दुसरा आणि गप्प उभे राहणारे अनेक, असे चित्र तुम्ही पाहिले असेल. तसा एक प्रसंग आठवा. त्यात नाना कोण, घाशीराम कोण आणि भिंत कोण, हे दहा ओळींत लिहा. तुमची स्वतःची जागाही त्यात नोंदवा. उत्तराची कसोटी तेथेच आहे.