माहिती चौकट : स्थानकाचे छप्पर वारसा केव्हा ठरते?

श्रेणी : बृहन्मुंबईसाठी 1995 मध्ये लागू झालेल्या वारसा नियमावलीनुसार वास्तूंच्या तीन श्रेणी ठरतात; श्रेणी 1, म्हणजे राष्ट्रीय वा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू, यांत मजबुतीसाठी अपरिहार्य असेल तेवढाच बदल मान्य असतो, तर श्रेणी 2 ही स्थानिक महत्त्वाच्या आणि श्रेणी 3 ही नगरदृश्याला आकार देणाऱ्या वास्तूंसाठी असते. उतरत्या छपरांचे वांद्रे स्थानक श्रेणी 1 मध्ये मोडते.

जतन की सोय, या वादाचे मूळ : पश्चिम रेल्वेमार्गावर विरारहून पहिली उपनगरी गाडी 12 एप्रिल 1867 रोजी धावली, त्या काळच्या मोजक्या प्रवाशांसाठी आखलेल्या निवाऱ्यांवर आज प्रचंड गर्दीचा भार आहे. म्हणूनच रुंद पादचारी पूल व सरकते जिने हवेत, ही मागणी रास्त ठरते.

मार्ग : भायखळा स्थानकाच्या इमारतीचे मूळ रूप, स्थानक वापरात असतानाच, जीर्णोद्धाराने परत मिळाले आणि त्या कामाला युनेस्कोचा आशिया-प्रशांत सांस्कृतिक वारसा पुरस्कार लाभला, त्यामुळे जतन आणि सोय यांतून एकाचीच निवड करावी लागते, हा समज टिकत नाही.

निष्कर्ष : कोणत्याही जुन्या निवाऱ्यावर हातोडा पडण्यापूर्वी त्याची मोजणी, छायाचित्रण व श्रेणीनिश्चिती झालीच पाहिजे.