परसबाग : उन्हाळ्यातील श्रम आणि त्यांचे मोल

घरामागील वा घराभोवतीच्या मोकळ्या जागेत मुख्यत्वे कुटुंबाच्या उपभोगासाठी भाजीपाला, फळे व मसाल्याची पिके घेण्याच्या पद्धतीस परसबाग असे म्हणतात. छत्तीसगडमध्ये तिला बाडी म्हणतात. केरळात नारळ, फणस, केळी, मिरी आणि सुरण एकाच आवारात, वेगवेगळ्या उंचीच्या थरांत वाढविण्याची परंपरा आहे. क्षेत्र लहान, उत्पादन थोडे आणि विक्री जवळजवळ नाही, यामुळे अर्थशास्त्राच्या चर्चेत परसबागेस क्वचितच स्थान मिळते. तथापि पोषण, महागाई, पाणी आणि स्त्रियांचे अगणित श्रम हे चारही प्रश्न या लहानशा जागेत एकत्र येतात. उन्हाळ्यात ते अधिक तीव्रतेने जाणवतात.

उन्हाळ्यातील कामे

भेंडी, गवार, चवळी, काकडी, दुधी, दोडका व कारले यांची उन्हाळी पेरणी साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. वेल चढू लागले की मांडव घालणे, सकाळी लवकर किंवा सायंकाळी पाणी देणे, पालापाचोळ्याचे वा उसाच्या पाचटाचे आच्छादन पसरणे, रोपांना दुपारची सावली करणे ही कामे रोजची होतात. वेलवर्गीय भाज्यांना प्रथम नरफुले येतात व ती गळतात. त्यानंतर मादीफुले येऊन फळधारणा सुरू होते. मे महिन्यात शेवगा व केळी यांच्यासाठी खड्डे खणून ते उन्हात तापू दिले जातात आणि पावसाच्या तोंडावर शेणखताने भरले जातात.

याच दिवसांत बियाणेही राखले जाते. चांगला वाढलेला एखादा दुधी वेलावरच पक्व होऊ द्यायचा, बी वाळवून राखेत ठेवायचे आणि त्यातील मूठभर शेजारी द्यायचे, ही रीत अनेक प्रांतांत आढळते. अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी स्थानिक वाणांच्या बियाण्यांचे जतन केले. त्या कार्याबद्दल 2020 च्या पद्मश्री पुरस्कारासाठी त्यांची निवड झाली. परसातील बियाणे ही सामाजिक संपत्ती कशी ठरते, हे या उदाहरणावरून दिसते.

पाण्याचा हिशेब

उन्हाळ्यात परसबागेचा आकार जमिनीपेक्षा पाण्यावर ठरतो. 2019 मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनचे ग्रामीण मानक दरडोई दररोज 55 लिटर आहे. पाच जणांच्या कुटुंबास त्यानुसार 275 लिटर पाणी मिळेल. आंघोळीचे व भांडी धुण्याचे निम्मे पाणी, म्हणजे सुमारे 137 लिटर, पुन्हा वापरता येते असे मानू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. पिकाची गरज दिवसाला 6 मिलिमीटर धरल्यास एवढ्या पाण्यात सुमारे 23 चौरस मीटर जागा भिजते. आच्छादनामुळे ही गरज 4 मिलिमीटरवर आली, तर तेच पाणी सुमारे 34 चौरस मीटरला पुरते. आच्छादनाचे साधे काम पाण्याची उत्पादकता किती वाढवू शकते, हे या उदाहरणातून लक्षात येते. गळ्यापर्यंत पुरलेल्या मातीच्या मडक्यातून झिरपणारे पाणी देण्याची मटका सिंचन पद्धतीही याच तत्त्वावर आधारलेली आहे. मात्र साबणाचे पाणी वाळू-खडीतून गाळून प्रामुख्याने केळी व नारळ यांसारख्या झाडांना द्यावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांना ते देऊ नये.

पोषण आणि महागाई

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रिया व 6 ते 59 महिने वयाची 67.1 टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. चौथ्या फेरीत (2015-16) हे प्रमाण अनुक्रमे 53.1 व 58.6 टक्के होते. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये सुचविलेल्या 2000 किलोकॅलरीच्या आदर्श थाळीत 400 ग्रॅम भाज्या आहेत. पाच प्रौढांसाठी हे प्रमाण दिवसाला 2 किलोग्रॅम होते. भाव वाढले की गरीब कुटुंबाच्या ताटातून प्रथम भाजी कमी होते. जुलै 2023 मध्ये भाज्यांची किरकोळ महागाई 37 टक्क्यांवर, तर ऑक्टोबर 2024 मध्ये 42 टक्क्यांवर गेली होती. अशा वेळी परसातील शेवग्याची पाने व चवळी ही कुटुंबाची एक प्रकारची विमा-व्यवस्था ठरते.

मोजमापाचा प्रश्न

राष्ट्रीय लेखा प्रणालीनुसार कुटुंबाने स्वतःच्या उपभोगासाठी केलेले वस्तूंचे उत्पादन हे उत्पादनच असते. घरातल्या घरात दिलेल्या विनावेतन सेवा मात्र त्यातून वगळल्या जातात. म्हणून दोडका पिकविणे उत्पादन-सीमेच्या आत येते आणि तोच दोडका शिजविणे बाहेर राहते. परीक्षार्थींनी हा भेद नीट समजून घ्यावा.

दुसरा मुद्दा किमतीचा आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीत घरच्या उत्पादनाचे मूल्य शेतावरील दराने धरतात, किरकोळ बाजारभावाने नव्हे. 2024 मधील रिझर्व्ह बँकेच्या एका अभ्यासनिबंधानुसार ग्राहकाने टोमॅटोवर खर्च केलेल्या रुपयातील सुमारे 33 पैसे शेतकऱ्यास मिळतात. आता गृहीत धरू की परसबागेने 90 दिवस रोज अर्धा किलोग्रॅम, म्हणजे एकूण 45 किलोग्रॅम भाजी दिली व बाजारात तिचा भाव किलोस 40 रुपये होता. कुटुंबाची बचत 1800 रुपये होईल. टोमॅटोचेच प्रमाण लावल्यास शेतावरील दराने तिचे मूल्य सुमारे 600 रुपयेच भरेल.

श्रम कोणाचे?

या बचतीसाठी रोज पाऊण तास लागत असेल, तर 90 दिवसांत साडेसदुसष्ट तास होतात; तासाला सुमारे 27 रुपये पडतात. पाणी दुरून आणावे लागून त्यात रोज आणखी एक तास गेला, तर हाच मोबदला तासाला सुमारे 11 रुपयांवर येतो. पाणी घराजवळ असणे ही परसबागेच्या यशाची पहिली अट आहे, ती यामुळेच.

हे श्रम बहुधा स्त्रियांच्या वाट्याला येतात. 2024 च्या कालवापर पाहणीत विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटे व पुरुष 88 मिनिटे देतात असे दिसून आले. 2019 मध्ये हे आकडे 299 व 97 होते. रोजगारविषयक 68 व्या फेरीत (2011-12) घरकामात गुंतलेल्या स्त्रियांना त्या परसबाग सांभाळतात काय, असा स्वतंत्र प्रश्न विचारला गेला होता. परंतु नेहमीची स्थिती घरकाम अशी नोंदली गेली की ती स्त्री श्रमशक्तीबाहेर गणली जाते. परिणामी तिने पिकविलेली भाजी राष्ट्रीय उत्पन्नात येऊ शकते, ती स्वतः मात्र कामगार म्हणून दिसत नाही.

धोरणाची दिशा

मार्च 2018 मध्ये सुरू झालेल्या पोषण अभियानाने पोषण वाटिकांना चालना दिली. केंद्र सरकारने 2019 मध्ये शालेय पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. पश्चिम बंगालमध्ये 2011 पासून ‘निज गृह निज भूमि’ योजनेद्वारे भूमिहीनांना 5 डेसिमलपर्यंत, म्हणजे सुमारे 200 चौरस मीटर जागा देण्यात आली. जागेचा प्रश्न त्यातून हाताळला गेला. परंतु केवळ बियाण्यांची पाकिटे वाटून हेतू साध्य होत नाही. जागा, घराजवळचे पाणी आणि कुटुंबातील श्रमांची न्याय्य वाटणी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या पाहिजेत. त्या नसतील, तर स्त्रियांच्या दिवसात आणखी एका कामाची भर पडेल.

परसबागेचा सर्व लाभ रुपयांत मोजता येत नाही. मांडवाखालची पहिली काकडी मुलांना वाटून देणे, उरलेली भाजी शेजारणीस देणे, संध्याकाळी पाणी दिल्यावर मलूल वेल टवटवीत झालेला पाहणे, यांतील समाधानासही अर्थशास्त्राच्या भाषेत तुष्टिगुण आहे. बाजारातील व्यवहाराबाहेर राहिल्यामुळे त्याची किंमत ठरत नाही, एवढेच. मात्र राबणाऱ्या व्यक्तीला हे समाधान उपभोगण्याइतकी फुरसत मिळते की नाही, ही परसबाग-कार्यक्रमाच्या यशाची एक महत्त्वाची कसोटी मानली पाहिजे.