फाँडंट लाटावे कशावर?

मोठ्या केकवर मेणासारखा गुळगुळीत, एकही सुरकुती नसलेला साखरेचा जो थर दिसतो त्याला फाँडंट म्हणतात. शब्द मूळ फ्रेंच, अर्थ ‘विरघळणारे’. पिठीसाखर, ग्लुकोजचा पाक, ग्लिसरीन, थोडेसे वनस्पती तूप आणि हे सारे बांधून धरण्यासाठी जिलेटिन किंवा एखादा शाकाहारी डिंक, यांचा मळून केलेला हा गोळा. कणकेसारखाच तो लाटायचा, साधारण तीन मिलिमीटर जाडीची पोळी करायची आणि ती अखंड उचलून केकवर पांघरायची. ऐकायला काम सोपे वाटते. रोज दहा-वीस पोळ्या लाटणाऱ्या हाताला हे काय जड, असे कुणीही म्हणेल. खरी गोम आहे ती हाताखालच्या पृष्ठभागाची.

वार्षिकांकात असा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल म्हणून आधीच सांगते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील रिक्षा चालवतात. २०२० च्या टाळेबंदीत रिक्षा दारात उभी राहिली तेव्हा आईने कुकरमध्ये केक भाजायला सुरुवात केली, आणि आज माझी फी, पुस्तके व एसटीचा पास त्या केकांतून निघतो. साध्या क्रीमच्या केकपेक्षा फाँडंटच्या केकला पैसे बरे मिळतात, पण जोखीमही तेवढीच. आठ इंच व्यासाच्या व चार इंच उंचीच्या केकला सुमारे ७०० ग्रॅम फाँडंट लागते. पोळी खाली चिकटून फाटली तर गोळा पुन्हा मळता येतो. मात्र दर खेपेला खालचे कॉर्नफ्लोअर त्यात मिसळते आणि गोळा कोरडा होत जातो. तिसऱ्या खेपेला कडांना भेगा पडू लागतात. म्हणजे पोळी पहिल्या, फार तर दुसऱ्या लाटण्यात साधली पाहिजे. संध्याकाळी सहाला गिऱ्हाईक दारात येणार असते.

आता पोळपाटाचा विचार करू, कारण पहिली धाव तिथेच असते. आठ इंची केक झाकायला पोळी केवढी हवी? वरचे आठ इंच, दोन्ही बाजूंच्या उतरणीचे चार-चार इंच, म्हणजे सोळा. शिवाय कापून टाकायची कड इंचभर तरी दोन्हीकडे. एकूण अठरा इंच. घरातला पोळपाट नऊ-दहा इंचांचा. हिशेब इथेच संपतो. पण समजा एखाद्या सुताराकडून परातीएवढा पोळपाट करून घेतला, तरी तो या कामाला चालणार नाही, आणि याचे कारण मला फार रंजक वाटते. लाकूड ओलावा शोषते. कणकेच्या पोळीला हे सोयीचे पडते. कणीक जरा सैल झाली तरी लाकूड तिचा वरवरचा ओलसरपणा घेते आणि पोळी सुटून फिरते. फाँडंटमध्ये मुळात पाणी अगदी थोडे. तेही लाकडाने ओढून घेतले की पोळीची खालची बाजू कोरडी, वरची मऊ, आणि उचलताना कोरडी बाजू तडकते. शिवाय आमच्या आजीच्या पोळपाटाला चाळीस वर्षांच्या तेलाचा व हळदीचा वास आहे. तो वास आजीला प्रिय आहे, पण साखर शेजारचा वास चटकन धरते. पोळीच्या कामात ज्याला गुण म्हणावे तोच इथे दोष होतो.

असे असले तरी आजीच्या विद्येचा इथे उपयोग नाही असे मात्र कुणी समजू नये. आमच्याकडे तेलपोळी होते. ती कोरड्या पिठावर लाटत नाहीत. केळीच्या पानाला किंवा प्लॅस्टिकच्या कागदाला तेलाचा हात लावून त्यावर लाटतात आणि कागदासकट तव्यावर उलटी करतात. फाँडंट लाटण्याच्याही नेमक्या याच दोन रीती आहेत. एक, कॉर्नफ्लोअरची पुरचुंडी झटकून कोरड्या पृष्ठभागावर. दुसरी, वनस्पती तुपाचा अगदी पातळ हात फिरवून. पिठीसाखर खाली भुरभुरायची पद्धतही काही जण सांगतात. दमट हवेत तिचा उपयोग नाही, कारण साखर स्वतःच पाणी धरते आणि पाच मिनिटांत तिचा चिकट पाक होतो. गडद रंगाच्या फाँडंटला मात्र तुपाचीच रीत बरी. काळ्या किंवा लाल पोळीवर कॉर्नफ्लोअरचे पांढरे डाग उठून दिसतात.

पुस्तकांत आणि चित्रफितींत सगळीकडे एकच सल्ला असतो: संगमरवर सर्वांत उत्तम, कारण तो थंड असतो. या वाक्यात अर्धे सत्य आहे. एकाच खोलीत रात्रभर राहिलेला दगड आणि लाकूड यांचे तापमान सारखेच असते. तापमापक लावून पाहिले तरी तेच दिसेल. दगड उष्णता लवकर वाहून नेतो, म्हणून आपल्या हाताला तो गार लागतो. फाँडंटच्या बाबतीतही तेच घडते. मळताना हाताची ऊब गोळ्यात उतरते, त्यातले तूप सैल होते. दगडावर टाकले की ती ऊब दगड ओढून घेतो आणि पोळी आपला आकार धरते. लाकडावर व प्लॅस्टिकवर ती ऊब गोळ्यातच राहते. इथवर संगमरवराची कीर्ती खरी आहे. पण हा सल्ला देणारे बहुधा कोरड्या, थंड हवेच्या मुलखातले असावेत.

आम्ही चिपळूणचे. पावसाळ्यात आमच्याकडे शहाबादी फरशीला घाम सुटतो हे लहानपणापासून पाहिले होते, पण त्याचे गणित भूगोलाच्या तासाला कळले. हवा ज्या तापमानाला आपल्यातली वाफ धरून ठेवू शकत नाही त्याला दवबिंदू म्हणतात. जुलैत हवा २८ अंशांवर आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू साधारण २६ अंश येतो. म्हणजे पृष्ठभाग हवेपेक्षा जेमतेम दोन अंशांनी गार असला तरी त्यावर पाणी जमणार. तो ओलावा डोळ्यांना दिसतही नाही, पण साखरेला कळतो. पोळी खालून पाझरते आणि दगडाला गोंदासारखी धरून बसते. याउलट माझी मावशी सोलापूरला असते, तीही केक करते. मे महिन्यात तिकडे ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू येतो १३ अंशांच्या आसपास. तिने दगडावर बर्फाची परात दहा मिनिटे ठेवून दगड गार केला, कोरडा पुसला, तरी त्याला घाम येणार नाही. तिला दगड गार केल्यावाचून गत्यंतर नाही, कारण तिथे ओटाच हाताला कोमट लागतो. हीच युक्ती आम्ही आषाढात केली तर केक गिऱ्हाइकाला देण्याऐवजी चमच्याने घरीच खावा लागेल. आई आणि मावशी फोनवर एकमेकींना सल्ले देतात तेव्हा मी मध्ये पडून आधी हवेची चौकशी करते. दोघीही मला ‘भूगोलवाली’ म्हणतात.

कोकणात मग करावे काय? दगड सोडू नये, पण तो खोलीइतकाच गरम असू द्यावा. शीतकपाटातून काढलेला गार केक त्याच्याजवळ आणू नये. पाऊस लागला असेल तेव्हा लाटण्यापूर्वी कोरड्या सुती फडक्याने दगड दोनदा पुसावा. पंखा मात्र बंद ठेवावा. वारा पोळीची वरची बाजू सुकवतो आणि खालची ओलीच राहते. सोलापुरात याच पंख्याने दोन मिनिटांत पोळीवर तळ्यातल्या वाळलेल्या गाळासारख्या भेगा पडतात, म्हणून मावशी तूप लावून लाटते आणि पोळीवर प्लॅस्टिकचा कागद झाकूनच ठेवते.

दगडातही प्रकार आहेत. जुन्या घरांतून ओटा कडप्प्याचा असतो. कडप्पा आणि संगमरवर दोन्ही मूळचे चुन्याच्या जातीचे, त्यामुळे लिंबू, चिंच, आमसूल यांचा रस सांडला की तिथली झिलई खाल्ली जाते आणि जागा खरबरीत होते. कोकणातला ओटा आणि त्यावर आमसुलाचा डाग नाही, असे कधी होईल का! ग्रॅनाइटला या आंबटपणाची बाधा होत नाही. आणखी एक अडचण सांध्याची. ओट्याच्या दोन लाद्या जिथे जुळतात तिथे केसभर फट असते, तिच्यावर लाटणे अडखळते आणि पोळी त्या रेषेवर पातळ पडते. उचलताना ती नेमकी तिथेच फाटते. तिसरी गोष्ट बोलायला जरा संकोचाची, पण खरी आहे. ओट्यावर मासळी साफ होते. केक नेणारे आधी विचारतात, ‘अंडे नाही ना?’ त्यांनी ओट्याची चौकशी केली नाही तरी आपण ती केली पाहिजे. केकसाठी पृष्ठभाग वेगळाच असावा.

सिलिकॉनच्या मॅटचा हल्ली फार बोलबाला आहे. तिच्यावर इंचांची वर्तुळे आखलेली असतात, ती गुंडाळून ठेवता येते, आणि मुख्य म्हणजे पोळी मॅटसकट उचलून केकवर पालथी घालता येते. मोठी पोळी एकटीने उचलणाऱ्या बाईला हा मोठाच आधार आहे. पण इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, आणि ती विकणारे सांगत नाहीत. दगडावर लाटून लाटण्यावर गुंडाळून पोळी केकवर सोडली, तर जी बाजू दगडाला लागलेली होती ती केकच्या अंगाला जाते; दगडावरचा बारीकसा ओरखडा कुणाला दिसत नाही. मॅट पालथी केली की खालची बाजू वर येते. मॅटवरचा प्रत्येक कण, प्रत्येक चीर, सुरीची जुनी खूण केकच्या माथ्यावर छापली जाते. म्हणून मॅटवर कधी कापू नये. ती वापरानंतर कोमट पाण्याने व साबणाने धुवावी, नाहीतर तिला तुपाचा ओशटपणा राहतो आणि त्यावर घरातली सगळी धूळ येऊन बसते. दगडावर लाटताना उलट काळजी लाटण्याची घ्यावी लागते, कारण तिथे लाटण्याकडची बाजू दिसणार असते. आपले पोळीचे लाटणे मध्ये फुगीर व टोकांना निमुळते असते. त्याने फाँडंट मध्ये पातळ आणि कडेला जाड होते. इथे सरळ, एकसारख्या जाडीचे, वीस इंच तरी लांब लाटणे लागते.

काच गुळगुळीत असते, पण दाब देऊन लाटताना माझा जीव तिच्यावर बसत नाही. पातळ स्टीलचा पत्रा मध्ये दबतो. बेकरीतल्या जाड स्टीलच्या टेबलाची गोष्ट वेगळी. सनमायका लावलेले प्लायवूडचे टेबल आईने सुरुवातीला वापरले आणि ते उत्तम होते, हे मान्य केले पाहिजे. गुळगुळीत, रुंद, बिनसांध्याचे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले त्यात ते टेबल दोन दिवस बुडून राहिले. पाणी ओसरल्यावर प्लायवूड फुगले, सनमायकाला ठिकठिकाणी फोड आले. टेबलाचे पाय शाबूत होते, उभे राहायलाही ते खंबीर होते, पण त्यावर फाँडंटची पोळी लाटली तर चंद्रावरच्या खड्ड्यांचा नकाशा तयार झाला असता. आता त्याच्यावर माझी पुस्तके असतात.

त्यानंतर आईने जे घेतले ते सर्वांत स्वस्त ठरले. ग्रॅनाइटच्या लाद्या कापणाऱ्या दुकानात खिडक्यांचे व ओट्यांचे माप कापून उरलेले तुकडे पडलेले असतात. दोन फूट लांब-रुंद, १८ मिलिमीटर जाडीचा एक काळा तुकडा तिने कडा घासून घेऊन दोनशे रुपयांत आणला. मॅटला त्याहून जास्त पडले असते. असा तुकडा निवडताना तो उजेडाकडे तिरपा धरून झिलई पाहावी, तळवा फिरवावा, मग नख फिरवावे. तळव्याला न लागलेला खड्डा नखाला लागतो. पाण्याचा थेंब टाकून पाच मिनिटे थांबावे. थेंबाखालचा दगड गडद झाला तर तो पाणी पितो, तो घेऊ नये. काळा रंग आईने मुद्दाम निवडला. पांढरे फाँडंट त्यावर कुठे पातळ झाले ते लगेच दिसते, आणि कॉर्नफ्लोअर जास्त पडले तरी कळते.

या तुकड्याचे वजन मी घनता व घनफळ यांवरून काढून पाहिले, ते सुमारे अठरा किलो भरले. म्हणून तो रोज हलवायचा नाही. ओट्यावर ठेवला तर आईच्या खांद्यांना रग लागते, कारण ओटा बांधणाऱ्या गवंड्याने तिची उंची विचारली नव्हती. लाटताना जोर खांद्यातून नव्हे, अंगाच्या वजनातून यायला हवा. त्यासाठी पृष्ठभाग कमरेच्या जरा खाली असावा. वडिलांनी रिक्षाच्या जुन्या सीटची लोखंडी चौकट कापून त्याला तेवढ्याच उंचीचे पाय जोडून दिले. दगड सरकू नये म्हणून खाली ओले करून घट्ट पिळलेले फडके चौपदरी घालतो, आणि काम झाल्यावर ते आठवणीने काढतो, नाहीतर चौकटीला गंज चढतो.