वाल-चवळीतील ढालकिडा : अंगावरचे रसायन हेच कवच

शहापूर, मुरबाड व कल्याण तालुक्यांत भात कापणीनंतर जमिनीतील ओलीवर वाल, चवळी घेतली जाते. कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा दिसला की फवारणीची घाई होते. पण अनेकदा त्याच शेंड्यावर मावा खाणारा ढालकिडा, म्हणजे लेडीबर्ड भुंगेरा, पोचलेला असतो. त्याची एक अळी कोषात जाईपर्यंत शेकडो मावा फस्त करते. घाईच्या फवारणीत आधी हा मित्र मरतो आणि उरलेला मावा पुन्हा वाढतो.

पिवळा कडू रस

ढालकिडा बोटात धरला तर तो पाय आखडून घेतो आणि पायांच्या सांध्यांतून पिवळा, उग्र वासाचा थेंब सोडतो. हे त्याचे रक्तच असते. त्यात अल्कलॉइड गटातील कडू रसायने असतात. त्यामुळे पक्षी व मुंग्या त्याला सहसा टाळतात. अंगावरील भडक रंग हा याच कडूपणाचा इशारा आहे.

अंड्यावरील लेप

माव्याची वसाहत संपत आली की ढालकिड्याच्या अळ्या आपल्याच जातीची अंडी खातात. आधी उबलेली अळी शेजारचे न उबलेले अंडेही सोडत नाही. यावर निसर्गाने काही प्रमाणात उपाय ठेवला आहे. अंड्याच्या पृष्ठभागावर मेणासारख्या हायड्रोकार्बन रसायनांचा पातळ थर असतो. युरोपातील दोन व सात ठिपक्यांच्या ढालकिड्यांवरील 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अंड्यांवरील अशा रसायनांमुळे अळ्या व भुंगेरे अंडी खाण्यास कचरतात असे दिसले. मात्र हे संरक्षण पूर्ण नाही. भूक वाढली की अंडी खाल्ली जातातच.

अळी चालते तेथेही असाच रासायनिक माग राहतो. तो ओळखून मादी त्या जागी अंडी घालणे टाळते, म्हणजे पिल्ले मोठ्या अळ्यांच्या तोंडी पडत नाहीत.

पांढरी अळी म्हणजे पिठ्या ढेकूण नव्हे

काही लहान ढालकिड्यांच्या अळ्यांवर पांढऱ्या मेणाचे तंतू असतात. मुंगी चावायला गेली की हे मेण तिच्या जबड्याला चिकटते. मावा व पिठ्या ढेकणाची राखण करणाऱ्या मुंग्यांमध्ये या अळ्या त्यामुळेच टिकतात. शेतकरी मात्र त्यांना पिठ्या ढेकूण समजून मारतात. काडीने हलकेच डिवचून पाहावे. अळी चटकन पळते, पिठ्या ढेकूण जेमतेम हलतो.

शेतात काय करावे

- फवारणीपूर्वी शेंडे व पानांची खालची बाजू पाहावी. पिवळी, लांबट, उभी चिकटवलेली अंड्यांची पुंजके ढालकिड्याची असू शकतात. ती साधारण 3 ते 4 दिवसांत उबतात.
- वांग्यावर पाने खरवडणारा हड्डा भुंगेराही अशीच अंडी घालतो. त्याची अळी पिवळी व काटेरी असते. पाने जाळीदार झाली असतील तर ती कीड समजावी.
- मावा मोजक्या झाडांवर असेल तर ते शेंडे खुडून नष्ट करावेत. गरज पडल्यास फक्त प्रादुर्भावग्रस्त झाडांवर 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा. ढालकिडे भरपूर असतील तर काही दिवस थांबून पुन्हा पाहणी करावी.
- प्रयोगशाळेतून आणलेले मित्रकीटक एकाच झाडावर ओतू नयेत. मावा असलेल्या अनेक झाडांवर संध्याकाळी थोडे थोडे सोडावेत. गर्दी झाली व खाद्य कमी पडले तर ते एकमेकांनाच खातात.
- झाडावर मुंग्यांची रांग दिसल्यास तेथे मावा शोधावा आणि वारुळाचा बंदोबस्त करावा.

मेण असो वा कडू रस, हे कवच पक्षी, मुंगी व भावंडांपुरतेच चालते. कीटकनाशकापुढे त्याचा उपयोग नाही. तेथे ढालकिड्याला वाचवणारी एकच गोष्ट आहे : फवारणीपूर्वी पान उलटून पाहण्याची सवय.