मूत्रपिंडाच्या हाती रक्तदाबाची दोरी

■ १८९८ : स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत रॉबर्ट टिगरस्टेड आणि पेर बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला. त्याचा रक्तदाब चढला. अर्कातल्या घटकाला नाव मिळाले : रेनिन.

■ १९३४ : अमेरिकेत हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाची रोहिणी चिमट्याने आवळली. रक्तदाब वाढला आणि चढाच राहिला.

■ साखळी : मूत्रपिंडाला रक्त कमी पडले की रेनिन पाझरते, त्याच्या क्रियेमुळे पुढे अँजिओटेन्सिन तयार होते. ते रक्तवाहिन्या आवळते, मीठ आणि पाणी शरीरात धरून ठेवते.

■ औषध : ही साखळी तोडणाऱ्या कॅप्टोप्रिलला १९८१मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याचा धागा ब्राझीलच्या एका सापाच्या विषात सापडला होता.

■ भारत : डॉ. मोहन राजापूरकर आणि सहकाऱ्यांच्या २०१२च्या अहवालात मूत्रपिंडविकाराच्या ५२,२७३ रुग्णांची नोंद आहे. सुमारे १३ टक्क्यांमध्ये कारण उच्च रक्तदाब होते.

■ नागपूरचा मे : पारा ४५ अंशांवर जातो. घामाने किंवा जुलाबाने शरीर कोरडे पडले की मूत्रपिंडाची गाळणी याच साखळीच्या आधारावर चालते. म्हणून ही साखळी तोडणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उन्हाळ्याआधीच डॉक्टरांशी बोलावे. गोळी स्वतःहून बंद करू नये.