निबंध लेकीचा, दुरुस्ती यंत्राची!

परवा संध्याकाळी भाकऱ्या थापत होते, तोच आमची आठवीतली लेक मोबाइल नाचवत स्वयंपाकघरात आली. "आई, बघ ना, माझा निबंध किती छान झाला!" विषय होता ‘माझा आवडता ऋतू’. हात पुसून वाचला. वसंताचं आगमन, कोकिळेचं कूजन, निसर्गाची मुक्त उधळण... सगळं होतं, फक्त माझी लेक कुठं दिसेना!

मग वहीतला पहिला मजकूर मागितला. त्यात होतं की, चैत्रात आम्ही राजुऱ्याजवळच्या गावी आजीकडं जातो. प्रकृती बरी नसली तरी आजी पहाटेच टोपली घेऊन मोहाखाली जाते आणि वेचता वेचता हाताला चिकटलेला वास दुपारपर्यंत जात नाही. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका होत्या, एक वाक्य तर अर्धवटच. पण वाचताना मला तो वास आला हो! हिनं यंत्राला "सुधारून दे" म्हटलं, नि त्यानं आजीसकट मोहाचं झाडच उपटून टाकलं.

मैत्रिणींनो, यंत्रानं निबंध तपासणं तसं जुनंच. अमेरिकेत एलिस पेज यांनी १९६६ सालीच ही कल्पना मांडली होती. २०२२ नंतर मात्र अशी यंत्रं मराठी बोलत आपल्या घरात शिरली. असंख्य लेखांवरून पुढचा संभवनीय शब्द जुळवत जाणं, हे त्यांचं काम. म्हणजे चारचौघांनी लिहिलेलं तेच पुन्हा येणार! शुद्धलेखनातही डोळे झाकून विश्वास नको. आमच्या यंत्रानं ‘प्रकृती’चं ‘प्रकृति’ केलं. ते हिंदीत चालतं. मराठीत १९६२ च्या नियमांप्रमाणे शेवटची वेलांटी दीर्घच.

मोबाइल काढून घ्यावा असं क्षणभर वाटलं. पण घरात तपासायला वेळ कुणाला आहे? बाईंपुढं तर वह्यांचा ढीग. म्हणून लेकीजवळ बसले आणि तिला नवं लिहायला लावलं : "निबंध लिहून देऊ नको. चुका दाखव आणि मला तीन प्रश्न विचार." (मुलीचं नाव, शाळा, गाव मात्र त्यात घालू देऊ नका.)

एक प्रश्न आला : वेचलेल्या मोहाचं आजी पुढं काय करते?

लेकीला सांगता येईना. मलाही धड येईना, सून असून! तिनं आजीला फोन लावला. वाळवण्यापासून विकण्यापर्यंत अर्धा तास गप्पा चालल्या, माझी भाकरी तेवढी करपली. निबंध पानभर वाढला. वही अजून बाईंकडून परत यायची आहे.