तीन बोटांचा पाहुणा

ऐका रे पोरांनो. पेणच्या कारखान्यांत गणपतींवर रंग चढायला लागतो, रोह्याकडे भाताच्या लावणीची धांदल उडते, त्याच दिवसांत आपल्या रानात एक पाहुणा घर बांधायला येतो. त्याचं नाव तिबोटी खंड्या. बहुतेक खंड्यांच्या पायाला चार बोटं, याला तीनच!

चोचीसकट जेमतेम १३ सेंटिमीटर, म्हणजे चिमणीहूनही लहान. पण रंग बघाल तर डोळे दिपतील. पोवळ्यासारखी लालबुंद चोच, पिवळंधमक पोट, डोक्यावर जांभळी झाक, पाठीला गर्द निळा.

तारेवर बसून मासे टिपणारा खंड्या तुम्ही रोज बघता. हा तसा उघड्यावर येत नाही. याला दाट झाडीतला सावलीचा ओहोळ लागतो. १९६८ साली अभयारण्य झालेलं कर्नाळा किंवा मुरूड-रोह्यात पसरलेलं फणसाड, अशा रानात हा उतरतो. दक्षिणेकडून पावसाबरोबर येतो, तोही रात्री उडत. वाटेत कितीतरी बिचारे इमारतींच्या काचांवर आपटतात.

भर पावसातच का येतो? माती भिजून मऊ झालेली असते आणि रानात खाणं मुबलक असतं. ओहोळाकाठच्या दरडीत नर-मादी चोचीने माती उकरतात, पायांनी मागे लोटतात. हाताएवढं लांब आडवं बीळ खणून होतं. टोकाशी खोली, आत ना गवत ना पीस. तिथे चार-पाच पांढरी अंडी. दोघंही आळीपाळीने उबवतात, अडीच आठवड्यांत पिल्लं बाहेर.

मग खरी धावपळ! कोळी, छोटे खेकडे, बेडूक, पाली, काय मिळेल ते. सापसुरळी तर आवडीची. ती चोचीत धरून फांदीवर आपटायची, निपचित झाली की तिचं डोकं पुढे करून बिळात न्यायची, म्हणजे पिल्लाच्या घशातून सरळ उतरते. पिल्लं साधारण तीन आठवड्यांत उडतात.

म्हणून सांगतो, दरडीत असं बीळ दिसलं तर लांबूनच बघा. जवळ माणूस उभा असला की आईबाप घास घेऊन फांदीवरच ताटकळतात आणि आत पिल्लं उपाशी राहतात. फोटोसाठी समोरची फांदी तोडू नका. आणि ओहोळाकाठी जेसीबी आलाच, तर घरच्या मोठ्यांना सांगा, पाऊस सरेपर्यंत तेवढी दरड राहू द्या.